वस्त्रावशेष, आद्य मध्ययुगीन : आकृतिबंध व वीणतंत्र

इ. स. सु. सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंतच्या विस्तीर्ण प्रदेशात वापरल्या गेलेल्या नक्षीदार रेशमी वस्त्रांचे जे तुकडे आज उपलब्ध आहेत, त्यांचे अलंकरण, त्यांची वीण आणि त्यांच्या निर्मितिस्थळासंबंधी मांडली गेलेली अनुमाने यांचा या नोंदीत परामर्श घेतला आहे. यांपैकी फार थोड्या तुकड्यांवर ते कोठे, केव्हा व कोणासाठी विणले याची नोंद आढळते. ज्या ठिकाणी तुकडा सापडला, ते ठिकाण त्याच्या निर्मितीचे असतेच असे नाही. किंबहुना बहुधा नसतेच. परिणामी अभ्यासकांपुढे मुख्यतः दोन साक्षी उरतात : वस्त्रावरील आकृती आणि वस्त्राची वीण. या दोन साक्षींचे वजन किती मानावे, त्या परस्परविरोधी असल्यास कोणती स्वीकारावी आणि एखादा लिखित शब्द हाती लागल्यास त्यावर कितपत विसंबावे, हे या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होत. त्यांची उत्तरे चुकल्यास केवळ संग्रहालयातील माहितीपट्टी चुकते असे नाही, तर एका संपूर्ण प्रदेशाच्या उद्योगाचा व व्यापाराचा इतिहास चुकीच्या पायावर उभा राहतो. मध्य आशियातील तथाकथित ‘झंदानीजी’ रेशमाच्या बाबतीत असे प्रत्यक्ष घडले.

अवशेषांची प्राप्तिस्थाने : वस्त्र ही अत्यंत नाशवंत वस्तू आहे. ओल, प्रकाश, कीड आणि वापर यांमुळे ती नष्ट होते. म्हणून प्राचीन वस्त्रे जेथे विणली गेली तेथे नव्हे, तर जेथे टिकू शकली तेथे सापडतात. इजिप्तमधील कोरडी वाळू, मध्य आशियातील वाळवंटी दफनभूमी आणि ख्रिस्ती व बौद्ध धर्मस्थानांची भांडारे ही अशी तीन प्रमुख आश्रयस्थाने होत. इजिप्तमध्ये रोमन सम्राट हेड्रियन याने इ. स. १३० मध्ये स्थापिलेल्या अँटिनोई या नगराच्या दफनभूमीत आल्बेअर गाये या फ्रेंच संशोधकाने १८९६ पासून उत्खनन केले. तेथे मिळालेली मेंढे, पंखयुक्त घोडे व रानबोकड यांच्या आकृती असलेली रेशमी वस्त्रे आज मुख्यत्वे लीआँ व पॅरिस येथील संग्रहालयांत आहेत. चिनी तुर्कस्तानातील तुर्फानजवळच्या अस्ताना दफनभूमीत, तसेच दुनह्वांग येथील मोगाव लेण्यांच्या बंदिस्त ग्रंथागारात (क्रमांक १७) विपुल अवशेष मिळाले. दुनह्वांगचे तुकडे सर ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये मिळविले. कॉकेशसच्या उत्तर उतारावरील मोश्चेवाया बाल्का येथील दफनांत आठव्या-नवव्या शतकांतील रेशमाचे अनेक तुकडे तागाच्या अंगरख्यांना गोट म्हणून शिवलेले आढळले. यूरोपात संतांच्या अस्थी मौल्यवान रेशमात गुंडाळून ठेवण्याची प्रथा होती. तिच्यामुळे पूर्वेकडील वस्त्रे आखेन, सांस, वी (बेल्जियम) इ. ठिकाणच्या चर्चमध्ये सुरक्षित राहिली. जपानमधील नारा येथील शोसोइन भांडारात सम्राट शोमू याच्या मृत्यूनंतर ७५६ मध्ये अर्पण केलेल्या वस्तूंबरोबर अनेक वस्त्रेही जतन झाली.

मात्र जतन झालेले अवशेष अखंड राहिलेच असे नाही. आखेनचे धर्माधिकारी फ्रांट्स बॉक (१८२३–९९) यांनी चर्चच्या भांडारांतील जुन्या वस्त्रांचे तुकडे कापून ते निरनिराळ्या संग्रहालयांना विकले. या सवयीमुळे त्यांच्या नावामागे ‘कात्रीवाले’ अशा अर्थाचे टोपणनाव लागले. त्यांच्या उद्योगामुळे एकाच वस्त्राचे भाग अनेक शहरांत विखुरले. यूरोपीय संग्रहालयांत वस्त्रविद्येच्या अभ्यासाला साहित्य उपलब्ध झाले ते यामुळेच, हे खरे. परंतु कापताना काठ, टोक व शिवण यांसारखे जे भाग निरुपयोगी म्हणून टाकले गेले, तेच आजच्या अभ्यासकाला सर्वाधिक हवे असतात. काठावरून कापडाचा पन्हा व माग यांविषयी अनुमान करता येते; केवळ सुंदर आकृती असलेल्या मधल्या चौकोनावरून ते करता येत नाही.

आकृतिबंध : या काळातील सर्वांत लक्षणीय आकृतिबंध म्हणजे मौक्तिकवलय. मोत्यांसारख्या गोल ठिपक्यांच्या मालिकेने वर्तुळ आखलेले असून त्याच्या आत एकच प्राणी किंवा परस्परांकडे तोंड केलेली प्राण्यांची जोडी असते. मेंढा, सिंह, हंस वा बदक, कोंबडा, रानडुकराचे मस्तक, पंखयुक्त घोडा व सेनमुर्व (श्वानमुख, पक्षिपुच्छ असा संमिश्र प्राणी) हे त्यांतील नेहमीचे विषय. प्राण्यांच्या गळ्यात मागे फडफडणारी फीत आणि चोचीत रत्नहार ही राजचिन्हे वारंवार दिसतात. दोन वलयांमधील मोकळ्या जागेत वनस्पतिजन्य चौफुला भरलेला असतो.

या आकृतिबंधाचे मूळ सासानियन इराणमध्ये असावे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. सासानियन नाण्यांवरील ठिपक्यांची कडा आणि ताक-इ-बुस्तान येथील शिल्पे यांचा त्याला आधार घेतला जाई. ताक-इ-बुस्तानच्या मोठ्या दालनातील शिल्पे सामान्यतः दुसरा खुस्रौ (कार. ५९०–६२८) याच्या काळातील मानली जातात व तेथे राजाच्या वस्त्रावर सेनमुर्व कोरलेला आहे. तथापि सासानियन काळी इराणात विणलेले म्हणून निःसंशय सिद्ध झालेले नक्षीदार रेशीम जवळजवळ नाही. याउलट समरकंदजवळील अफ्रासियाब येथे १९६५ मध्ये उजेडात आलेल्या भित्तिचित्रांत (सु. ६६०) सुग्द राजा वर्खुमान याच्या दरबारी आलेल्या दूतांच्या अंगरख्यांवर सेनमुर्व, रानडुकराचे मस्तक इ. आकृती असलेली मौक्तिकवलये तपशीलवार रंगविली आहेत. ती पाहता या अलंकरणाच्या प्रसारात, कदाचित घडणीतही, सुग्द लोकांचा वाटा मोठा होता हे मान्य करावे लागते. परंतु चित्रातील दूत परदेशचे असल्याने त्यांची वस्त्रे समरकंदचीच, असेही म्हणता येत नाही.

आकृतिबंध किती सहज प्रवास करतो, याचे उत्तम उदाहरण चीनच्या सुई वंशाच्या (५८१–६१८) इतिहासात नोंदलेले आहे. इराणहून सुवर्णतंतूंनी विणलेला एक अंगरखा सम्राटाला भेट म्हणून आला. तसाच विणण्याची आज्ञा हो चौ या सुग्द वंशाच्या अधिकाऱ्यास झाली व त्याने करविलेली प्रतिकृती मूळ वस्त्राहून सरस ठरली, असे इतिहासकार सांगतो. या वृत्तांतात दरबारी स्तुतीचा भाग असू शकेल. पण परकी आकृती पाहून ती आपल्या मागावर उतरविणे त्या काळी नित्याचे होते, हे त्यावरून स्पष्ट होते. नारा येथील होर्यूजी मंदिरातील प्रसिद्ध ‘चार सिंह-शिकाऱ्यांचे’ वस्त्र हेच सांगते. मौक्तिकवलयात पंखयुक्त घोड्यांवर आरूढ झालेले मुकुटधारी शिकारी मागे वळून सिंहांवर बाण सोडत आहेत. प्रसंग, मुकुट व वलय ही सर्व इराणी परंपरेची. पण घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर ‘पर्वत’ व ‘शुभ’ या अर्थांची चिनी अक्षरे विणलेली आहेत. ही अक्षरे नसती तर केवळ आकृतीवरून हे वस्त्र इराणचे ठरविण्याचा मोह आवरणे कठीण होते.

वीणतंत्र : चीनमध्ये हान काळात प्रचलित असलेल्या बहुरंगी रेशमात नक्षी ताण्याने, म्हणजे उभ्या धाग्यांनी साधलेली असे. निरनिराळ्या रंगांचे ताणे एकत्र लावून नक्षीला हवा तो रंग वर आणला जाई आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, त्यांच्याखाली लपून राही. छंग्दूजवळील लावक्वानशान येथील हानकालीन थडग्यात २०१२–१३ मध्ये सापडलेल्या मागांच्या प्रतिकृतींमुळे ही नक्षी यांत्रिक रीत्या कशी पुनरावृत्त केली जाई यावर प्रकाश पडला. भूमध्य प्रदेशात व पश्चिम आशियात याउलट बाणाप्रधान वीण रुजली होती. रोमनकालीन इजिप्तमध्ये ती लोकरीत आढळते. रेशमात तिने जे प्रगत रूप घेतले त्यास पाश्चात्त्य परिभाषेत ‘समाइट’ म्हणतात. ‘सहा धाग्यांचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे.

समाइटमध्ये ताणे दोन प्रकारचे असतात. मुख्य ताणा नक्षी ठरवितो : ज्या रंगाचा बाणा दर्शनी बाजूस हवा तो वर आणि उरलेले खाली अशी विभागणी त्याच्यामुळे होते. तो स्वतः मात्र बाण्यांच्या दोन थरांमध्ये दडलेला असल्याने कोणत्याही बाजूने दिसत नाही. दुसरा बंधक ताणा हे सर्व बाणे तिरप्या विणीने (ट्विल) बांधून ठेवतो. म्हणून वस्त्राच्या पृष्ठभागावर बारीक तिरप्या रेषांची चमकदार झाक दिसते. महाराष्ट्रातील वाचकास हा भेद पैठणीशी तुलना केल्यास सहज ध्यानात येईल. पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकृतीपुरताच पुढे-मागे फिरतो व शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकविला जातो. तेथे नक्षी विणकराच्या बोटांत असते आणि प्रत्येक मोर स्वतंत्रपणे विणावा लागतो. इजिप्तमधील कॉप्टिक वस्त्रांवरील चित्रेही तत्त्वतः याच वर्गातील होत. समाइटमध्ये मात्र प्रत्येक रंगाचा बाणा काठापासून काठापर्यंत जातो, आणि नक्षी मागावर आधी बांधून ठेवलेल्या दोऱ्यांत असते. मदतनीस ठरलेल्या क्रमाने ते दोरे ओढतो व विणकर धोटा टाकतो. एकदा मागावर बांधलेली आकृती हवी तितक्या वेळा पुन्हा विणता येते.

मागाची ही रचना लक्षात घेतली म्हणजे आकृतिबंधातील काही गोष्टींचा उलगडा होतो. मुख्य ताण्याचे दोरे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस उलट-सुलट क्रमाने बांधले, तर अर्ध्या आकृतीच्या तयारीत पूर्ण आकृती मिळते. परस्पराभिमुख प्राण्यांची जोडी आणि मधोमध वृक्ष ही मांडणी मागाला अशी सोयीची होती. अर्थात ही मांडणी पश्चिम आशियाच्या कलेत या मागापेक्षा कितीतरी प्राचीन आहे; मागाने ती निर्माण केली नाही, तर तिला दीर्घायुष्य दिले. तसेच एका वेळी मुख्य ताण्याचे किती धागे उचलले जातात आणि बाण्यांच्या किती फेऱ्यांनंतर नक्षी एक पायरी सरकते, यावर बाह्यरेषेचा गुळगुळीतपणा अवलंबून असतो. पायऱ्या मोठ्या असल्या की वर्तुळ बहुकोनी दिसू लागते आणि सिंहाची आयाळ चौकटींच्या रांगेसारखी होते. अनेक लेखकांनी अशा आकृतींना ‘अडाणी’ किंवा ‘ऱ्हासकालीन’ म्हटले आहे. हा निर्णय घाईचा वाटतो. तो कलाकाराच्या दृष्टीचा दोष नसून विणकराने श्रम व खर्च वाचविण्यासाठी केलेली निवड असू शकते.

विणीच्या तपशिलांचे प्रादेशिक महत्त्वही आहे. रेशमाच्या अखंड तंतूला पीळ देण्याची मुळात गरज नसते. चिनी विणकर प्राचीन काळापासून बहुधा अत्यल्प पिळाचा ताणा वापरीत. पश्चिमेकडील व मध्य आशियातील समाइटमध्ये मात्र ताण्याला एका ठराविक दिशेचा घट्ट पीळ दिलेला आढळतो. लोकर किंवा कापूस यांसारख्या आखूड तंतूंना पिळाशिवाय सूतपण येत नाही; त्यांवर पोसलेल्या हातांची सवय रेशमातही टिकली असावी. आकृती डोळ्यांनी पाहून उचलता येते. पिळाची दिशा, काठाची बांधणी, मुख्य ताण्याचे धागे एकेरी, दुहेरी की तिहेरी घ्यावयाचे हा संकेत, या गोष्टी शेजारी बसून शिकाव्या लागतात. म्हणून निर्मितिस्थळाच्या बाबतीत वीण ही आकृतीपेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते. या दृष्टीने १९५४ मध्ये लीआँ येथे स्थापन झालेल्या प्राचीन वस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकेंद्राने विणीच्या वर्णनाची समान परिभाषा रूढ करून या विद्येस शिस्त लावली, हे त्याचे मोठेच कार्य होय.

झंदानीजीचा प्रश्न : बेल्जियममधील वी येथील नोत्रदाम चर्चमध्ये परस्पराभिमुख मेंढ्यांच्या आकृतींचे एक रेशमी वस्त्र आहे. त्याच्या मागील बाजूस शाईने लिहिलेली एक ओळ आढळली. इराणी भाषांचे थोर पंडित वॉल्टर हेनिंग यांनी ती सुग्द लिपीतील मानली आणि तीत वस्त्राची लांबी व ‘झंदानीजी’ हे नाव वाचले. क्लीव्हलँड कलासंग्रहालयातील डॉरोथी शेफर्ड यांनी त्यांच्या सहकार्याने १९५९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वीण, रंग व आकृती यांच्या साम्यावरून वी येथील वस्त्राभोवती यूरोपीय चर्चमधील इतर रेशमांचा एक गट त्यांनी उभा केला आणि तो बुखाऱ्याजवळील झंदाना या गावाशी जोडला. निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होते. पुढील लेखकांच्या हातून ते बहुधा गळून पडले. हर्मिटेज संग्रहालयातील आना येरूसालिम्स्काया यांनी मोश्चेवाया बाल्काच्या अवशेषांवर केलेल्या मौलिक संशोधनातही ही चौकट स्वीकारली गेली. आणि सुमारे अर्धशतक ‘झंदानीजी’ हे नाव संग्रहालयांच्या सूचींत, प्रदर्शनांत व कलेतिहासाच्या ग्रंथांत सिद्ध गोष्टीसारखे वापरले गेले.

वास्तविक संशयाला जागा आरंभापासून होती. झंदानाच्या वस्त्राचे प्रमुख वर्णन नरशखी याने ९४३ मध्ये लिहिलेल्या व फार्सी संक्षेपाच्या रूपाने उपलब्ध असलेल्या बुखाऱ्याच्या इतिहासात मिळते. हे वस्त्र इतर गावांतही विणले जाई, इराक, फार्स, किरमान व हिंदुस्थान येथे जाई आणि उमराव ते किनखाबाच्या भावाने घेत, असे तो सांगतो. पण त्यासाठी त्याने योजलेला शब्द सुती कापडाचा आहे. भारी किमतीच्या उल्लेखामुळे ते रेशीमच असले पाहिजे, असे गृहीत धरून हा शब्द बाजूला सारला गेला. पुढे निकोलस सिम्स-विल्यम्स व जेफ्री खान यांनी वी येथील ओळीचे पुन्हा वाचन केले. २००८ च्या नियतकालिक-खंडात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ती ओळ सुग्द नसून अरबी आहे. तीत अब्दुर्‌रहमान नावाच्या एका सेनानीचा उल्लेख व दिनारांतील किंमत आहे. ‘झंदानीजी’ हा शब्द तीत नाही.

या दुरुस्तीचा अर्थ नेमका समजून घेणे अगत्याचे आहे. शेफर्ड यांनी विणीच्या साम्यावर केलेले गटीकरण त्यामुळे खोटे ठरत नाही. ती वस्त्रे एकमेकांना जवळची आहेत, हे निरीक्षण आजही टिकून आहे. कोसळले ते त्या गटाला दिलेले नाव व त्या नावावरून ठरविलेले गाव. तसेच ती वस्त्रे मध्य आशियातील नाहीतच, असेही यावरून सिद्ध होत नाही. कारण शाईची ओळ, मग ती सुग्द असो वा अरबी, वस्त्र विणून झाल्यावर लिहिलेली आहे. ती वस्त्र कोणाच्या हाती आले व त्याचे मोल काय झाले हे सांगते; ते कोणत्या मागावरून उतरले हे सांगत नाही. चूक वाचनाची होती त्याहून अधिक ती अनुमानपद्धतीची होती. एका अस्पष्ट ओळीला शेकडो धाग्यांच्या साक्षीपेक्षा अधिक मान मिळाला, याचे कारण वस्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही अक्षर हाच खरा पुरावा वाटत आला आहे.

विणलेले लेख : शाईच्या लेखाहून वस्त्रातच विणलेल्या लेखाची योग्यता निराळी आहे, कारण तो नक्षीबरोबर त्याच मागावर जन्मतो. अशा वस्त्रांची संख्या अल्प आहे, परंतु कालक्रमाचे खुंट म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. ‘मरवान, श्रद्धावंतांचा अधिपती’ या अर्थाचा अरबी लेख असलेल्या तांबड्या रेशमाचे तुकडे इंग्लंड व अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत. पहिला (कार. ६८४–८५) की दुसरा मरवान (कार. ७४४–५०) हा वाद असला, तरी ते उमय्या काळातील आहे आणि लेखाच्या दुसऱ्या भागात इफ्रीकियातील, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील, राजकीय वस्त्रशाळेचा निर्देश आहे. त्यावर मौक्तिकवलये आहेत. म्हणजे इराणी समजला जाणारा आकृतिबंध पश्चिमेस आफ्रिकेपर्यंत रुजला होता. जर्मनीतील झीगबुर्ख येथील सिंहांकित रेशमावर रोमानस व क्रिस्टॉफर या बायझंटिन सम्राटांची नावे असल्याने ते ९२१–३१ या दशकातील ठरते.

या संदर्भात दोन गजांकित वस्त्रांची तुलना उद्‌बोधक आहे. फ्रान्समधील सेंट जॉस येथील चर्चमधून १९२२ मध्ये लूव्हर संग्रहालयात आलेल्या समाइटवर परस्पराभिमुख हत्ती असून कडेला दोन मदारींच्या उंटांची रांग आहे. कूफी लिपीतील लेखात अबू मन्सूर बख्तकीन या खोरासानच्या सेनानीला दीर्घायुष्य चिंतिले आहे. त्याचा मृत्यू ९६१ मध्ये झाला. अर्थात वस्त्र त्यापूर्वीचे होय. आखेन येथे शार्लमेनच्या अस्थींबरोबर ठेवलेल्या, सु. १००० मधील रेशमावरही हत्ती आहेत. ते मोठ्या वर्तुळांत उभे असून ग्रीक लेखात कॉन्स्टँटिनोपलमधील राजकीय वस्त्रशाळेच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. दोन्ही वस्त्रांचा प्राणी एक, तंत्र स्थूलमानाने एक, काळ जवळचा; दरबार, धर्म व भाषा मात्र भिन्न. खोरासानच्या हत्तीला वलय नाही आणि वलयातील हत्ती बायझंटियमचा आहे, हे पाहिले म्हणजे ‘मौक्तिकवलय म्हणजे पूर्व’ यासारखी सूत्रे किती तकलादू आहेत ते कळते.

विणीच्या साक्षीची मर्यादा : वीण अधिक विश्वसनीय असली तरी ती अचूक नव्हे. विणकर युद्धात पकडून नेले जात, आश्रयाच्या शोधात स्थलांतर करीत आणि आपली सवय बरोबर नेत. रंगद्रव्यांच्या रासायनिक परीक्षणाने मंजिष्ठा, नीळ, लाख किंवा किरमिजी किड्यांचा रंग ओळखता येतो. पण ही द्रव्येही व्यापारी मालच होती. शिवाय वीण व आकृती या दोहोंचे हेतुपुरस्सर अनुकरण होऊ शकते. तेहरानजवळील रय् येथे १९२५ च्या सुमारास मिळाल्याचे सांगण्यात आलेली ‘बुवाइही’ रेशमे हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. त्यांच्या सच्चेपणाविषयी अनेक दशके तीव्र वाद झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनशैलीच्या व किरणोत्सर्गी कार्बनच्या संयुक्त परीक्षणात त्यांतील काही तुकडे मध्ययुगीन, तर अनेक आधुनिक काळातील असल्याचे दिसून आले. कार्बनमापनाला तुकड्याचा काही अंश नष्ट करावा लागतो आणि त्यातून मिळतो तो काळ, स्थळ नव्हे. तरीही बनावट वस्त्र वेगळे काढण्यात त्याला पर्याय नाही.

भारतीय संदर्भ : या कालखंडातील नक्षीदार रेशमाचे भारतात टिकलेले अवशेष जवळजवळ नाहीत. दमट हवा आणि दहनसंस्कार ही त्याची उघड कारणे होत. लाल समुद्रावरील बेरेनिके बंदरात मिळालेले चौथ्या-पाचव्या शतकांतील रंगीत सुती तुकडे भारतीय मानले जातात. कापडाचा काही भाग झाकून उरलेला रंगविण्याची पद्धत त्यांत आढळते. पण ते मागावरील नक्षीचे काम नव्हे. आपल्याकडे वस्त्रे गेली, चित्रे व शब्द राहिले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत पट्टे, हंस व फुले यांनी मंडित अशी वस्त्रे दिसतात. कालिदासाच्या काव्यांत हंसचिन्हांकित दुकूलाचा उल्लेख येतो. हर्षाच्या (कार. ६०६–४७) आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त ‘स्तवरक’ नावाच्या मोत्यांनी खुलविलेल्या मौल्यवान वस्त्राचे वर्णन केले आहे. वासुदेवशरण अग्रवाल यांनी हा शब्द पेहलवी ‘स्तब्रक’ व अरबी ‘इस्तब्रक’ यांच्याशी जोडून दाखविला. इराणी वस्त्र वा निदान त्याचे नाव कनौजच्या दरबारापर्यंत पोहोचले होते, एवढे त्यावरून निश्चित होते.

परंतु येथेही तोच विवेक पाळावा लागतो. अजिंठ्याचा चित्रकार हंसांची रांग दाखवितो. ती विणलेली, छापलेली, भरतकामाची की हाताने रंगविलेली, हे तो सांगत नाही आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही गैर आहे. बाणाचे ‘स्तवरक’ समाइट होते, असे प्रतिपादन आकर्षक असले तरी त्यास धाग्याचा आधार नाही. वी येथे वस्त्र होते व त्याला चुकीचे नाव मिळाले. आपल्याकडे नाव आहे व वस्त्र नाही. दोन्ही ठिकाणी शब्द आणि वस्तू यांची घाईने केलेली गाठ सुटण्याचा धोका सारखाच आहे.

मूल्यमापन : आद्य मध्ययुगीन वस्त्रावशेषांच्या अभ्यासाने गेल्या शतकात आकृतीकडून विणीकडे आणि विणीकडून बहुविध पुराव्यांच्या मेळाकडे वाटचाल केली आहे. आकृतीवरून अभिरुचीचा प्रसार कळतो, विणीवरून कौशल्याचे वंश, विणलेल्या लेखावरून आश्रयदाता व काळ, शाईच्या नोंदीवरून व्यवहार आणि प्राप्तिस्थानावरून वस्त्राच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा. यांपैकी प्रत्येक साक्ष आपापल्या प्रश्नापुरती खरी आहे. एकीने दुसरीचे उत्तर दिले की भ्रम निर्माण होतो. प्राण्यांच्या जोड्या मिरविणारी ही वस्त्रे कोणत्याही एका देशाची मिरासदारी नव्हती. त्यांना ‘सासानियन’, ‘सुग्द’ किंवा ‘झंदानीजी’ अशी नावे देण्याच्या आग्रहात आधुनिक राष्ट्रांच्या सीमा नकळत भूतकाळावर लादल्या गेल्या. ‘मध्य आशियाई पद्धतीचे समाइट’ हे वर्णन कमी आकर्षक आहे; पण तुकड्यातील धागे जेवढे सांगतात तेवढेच ते सांगते. शेफर्ड यांच्या निबंधाच्या शीर्षकातील प्रश्नचिन्ह जपले गेले असते, तर पन्नास वर्षांचा हा वळसा पुष्कळ अंशी टळला असता.